नको गं, की नको रे

कापसाच्या धंद्यात माणूस रोज संध्याकाळी म्हातारा होतो आणि आंघोळ केली की पुन्हा तरुण होतो. पिंजाऱ्याच्या भुवया, मिशा, कानांवरची लव, सगळं दिवस मावळेपर्यंत पांढरंफेक व्हायचं. लग्न होऊन आली तेव्हा पिंजारीण नुसती हसत सुटली होती. "मला सांगितलं होतं नवरा तरणाबांड आहे, हा तर कुणाचा तरी आजोबा दिसतोय!" तो म्हणाला, "अगं, तोंड तर धुऊ दे, मग बघ." त्याने तोंड धुतलं, आणि तिला तो आवडला. पुढे कित्येक वर्षं ती त्याला तेच म्हणून चिडवत राहिली. मग एक दिवस तोंड धुतलं तरी भुवया पांढऱ्याच राहिल्या. दोघांनीही ते आरशात पाहिलं, आणि त्या दिवसापासून तिने ते चिडवणं सोडून दिलं.

त्याचं दुकान गल्लीच्या टोकाला होतं. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला लाकडी फळी, आणि फळीपलीकडे घड्याळजी. तो दुकानात कापूस पिंजायचा, गाद्या भरायचा. ती घरी बसून खोळी शिवायची. इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्याला काम करताना असं पाहिलंच नव्हतं. उंबऱ्याशी आलं की तिला शिंका सुरू व्हायच्या, त्यामुळे दुपारचा डबा ती दारातूनच द्यायची. यंत्र आलं तेव्हा त्याने सगळ्यांसारखं यंत्र घेतलं, पण त्यातून निघालेला कापूस तो पुन्हा एकदा धनुकलीवर घ्यायचा. धनुकली म्हणजे माणसाच्या उंचीचं लाकडी धनुष्य, त्याला आतड्याची ताणलेली तात. लाकडी मोगरीने ती छेडली की तात थरथरते आणि कापसाची गाठ न् गाठ सुटत जाते. "यंत्र कापसाला फोडतं," तो म्हणायचा, "तात त्याला समजावते."

कापूस आणि आग यांचं वैर. सिगारेट ओढत कोणी उंबऱ्याशी आलं की तो आतून ओरडायचा, "आग बाहेर ठेवून या हो! आत एक आगीचा पाहुणा आधीच बसलाय, तेवढा पुरे!" गिऱ्हाइकं हसायची. पिंजारीणही हसायची. तिला वाटायचं, तो यंत्राच्या मोटारीबद्दल बोलतोय. मोटार फार तापायची.

मग तो आजारी पडला. आधी खोकला, मग दम, मग अंथरूण. पडल्या पडल्या त्याने एकच हट्ट धरला, धनुकली मला समोर दिसू दे. जावयाने ती दुकानातून आणून पलंगाशेजारच्या भिंतीवर टांगली. खालच्या रस्त्याने जड गाडी गेली की भिंत हलायची आणि तात आपसूक गुणगुणायची. पिंजारणीला तो आवाज नको व्हायचा. तो मात्र डोळे मिटून ऐकत राहायचा.

तिच्या आईने तिला लहानपणीच सांगून ठेवलं होतं, की शेवटच्या घटकेला माणसाला अशी तहान लागते की दर्या पाजला तरी भागायची नाही. नेमका तेव्हा सैतान गार पाण्याचा वाडगा घेऊन पायथ्याशी उभा राहतो. कधी बापाच्या रूपात, कधी भावाच्या. म्हणतो, एकदाच अल्लाला नाकार आणि घटाघटा पी. जन्मभर जे त्याला जमलं नाही ते तो त्या एका घोटावर साधायला बघतो. म्हणून मरणाऱ्याचे ओठ कोरडे पडू देऊ नयेत, आणि कानाशी कलमा म्हणत राहावं, म्हणजे त्याच्या तोंडातला शेवटचा शब्द तोच असतो.

पिंजारणीने तसंच केलं. दुपारची नमाज होऊन गेली होती आणि तिरपं ऊन पलंगावर आलं होतं. उशाशी बसून ती कापसाचा बोळा पाण्यात भिजवून त्याच्या ओठांना लावत होती, आणि कानाशी हळूहळू कलमा म्हणत होती. दारात तिची नणंद उभी होती. त्याचे डोळे उघडे होते आणि पायथ्याकडे लागले होते. एकाएकी त्याने बोळ्यापासून तोंड फिरवलं आणि अगदी स्पष्ट आवाजात म्हणाला, "नको…"

पुढे आणखी एक अक्षर होतं. एकच, लहानसं. पण त्याच क्षणी खालून पाण्याचा टँकर गेला, भिंत हलली, तात घुमली, आणि ते अक्षर त्या घुमण्यात बुडून गेलं. घुमणं थांबलं तेव्हा त्याचा श्वासही थांबला होता.

तिने डोळे मिटवले, हनुवटी बांधली, करायचं ते सगळं केलं. रडणं नंतर आलं. त्याच्याही नंतर आली नणंद.

"वहिनी, मी कुणाला काही बोलले नाही हां," नणंद म्हणाली. गल्लीतल्या बायकांना सगळं सांगून झाल्यावरच ती हे वाक्य म्हणायची. "मी आपली कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण माझ्या भावाला तुम्ही कलमा सांगत होता आणि तो 'नको गं' म्हणाला. माझ्या या कानांनी ऐकलं."

"गं म्हणाले? तुम्हाला 'गं' ऐकू आलं, वन्सं?"

"मग काय! तुम्हीच बसला होता ना उशाशी? आणखी कुणाला म्हणणार?"

नणंदेच्या जिभेला हाड नाही, हे पिंजारणीला नव्याने कळायचं नव्हतं. पण तिचं म्हणणं खोडायला हातात काहीच नव्हतं. खोलीत पुरुषमाणूस एकही नव्हता. बोळा तिच्याच हातात होता आणि त्याने तोंड फिरवलं होतं.

तेव्हापासून ते एक अक्षर तिच्या मागे लागलं. 'नको गं' असेल तर तो तिलाच म्हणाला. तिच्या हातचं पाणी नाकारलं, तिच्या तोंडचा कलमा नाकारला, आणि तसाच गेला. मग उद्या सगळे उठवले जातील तेव्हा ती त्याला कोणत्या रांगेत शोधणार? आणि 'नको रे' असेल तर तो तिच्याशी बोललाच नाही. पायथ्याशी कोणीतरी वाडगा धरून उभा होता, त्याला तो नको म्हणाला. एका अक्षरावर नवऱ्याचा परलोक टांगलेला, आणि ते अक्षर टँकरने चिरडलेलं.

इमामसाहेब घरी भेटायला आले तेव्हा तिने त्यांना विचारून घेतलं. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, "बहीण, एका शब्दावरून कुणाचा निवाडा करायचा नसतो. अल्लाची रहमत मोठी आहे." पण हे म्हणण्याआधी ते एक क्षण थांबले होते. ते गेले तेव्हा पिंजारीण त्यांचं उत्तर विसरली होती, ते थांबणं मात्र घरातच राहिलं.

मुलगी म्हणाली, "अम्मी, पराचा कावळा करू नकोस. अब्बा काय, मांजरीलासुद्धा रे म्हणायचे."

"मांजरीला म्हणायचे. मला कधी म्हणाले का? आठव."

मुलीने आठवून पाहिलं. आठवलं नाही. "मग 'नको रे'च म्हणाले असतील," ती म्हणाली.

"मांजर नव्हती तेव्हा खोलीत," पिंजारीण म्हणाली आणि उठून भांडी घासायला लागली.

नवरा गेल्यावर पाळायचे इद्दतीचे दिवस तिने घरातच काढले. टँकर रोज यायचा. भिंत हलायची, तात घुमायची, आणि ती हातातलं काम टाकून कान द्यायची, जणू ते बुडालेलं अक्षर एखाद्या दिवशी वर येईल. एकदा तिने तातीभोवती फडकं गुंडाळून ठेवलं. तरीही घुमणं आलं. आता ते भिंतीतून येत नव्हतं, तिच्या दातांतून येत होतं. तिने फडकं सोडून टाकलं.

"माझ्याकडे चल राहायला," मुलगी म्हणाली.

"एक गादी राहिलीय त्यांची. गिऱ्हाइकाने खोळ देऊन ठेवलीय. ती भरते, दुकान रिकामं करते, मग येते."

जावयाने धनुकली पुन्हा दुकानात नेऊन टांगली. नाकाला फडकं बांधून पिंजारीण पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत गेली. शिंका आल्या, येऊन संपल्या. आतलं सगळं त्याने ठेवलं होतं तसंच होतं. दाभण दोऱ्यासकट खुंटीला, मोगरी खिडकीत, नव्या कापसाचा गठ्ठा चादरीखाली. कोपऱ्यात जुन्या कापसाचा ढीग होता. लोकांच्या फाटक्या गाद्यांतून निघालेला, घामाने गोळा झालेला, पिवळट. त्या ढिगाच्या मधोमध एक खड्डा होता, तिथे कोणी नेहमी बसत असावं तसा. तिला वाटलं, हे दुपारी इथेच टेकत असतील. तिने हात फिरवून ढीग सारखा केला.

दुसऱ्या दिवशी कुलूप काढून पाहते तर खड्डा परत होता.

तिला माहीत होतं ते सगळं तिने मनाशी घोळवून पाहिलं. आपण मातीचे, ते जिन्न आगीचे. त्यांच्यातला मोठा, सैतान, मातीपुढे वाकला नाही म्हणून हाकलला गेला, पण जाताना कयामतीपर्यंतची मुदत मागून घेऊन गेला. आणि प्रत्येक माणसाला त्यांच्यातला एक जोडीदार जन्मतःच मिळतो. त्याच्याच वयाचा, त्याच्याच आवाजाचा, कानाशी बसून वाईट सुचवणारा. कोणी त्याला हमजाद म्हणतात. माणूस मरतो, तो मागे राहतो. त्याचं पुढे काय होतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. जन्मभर एकाच माणसाला बिघडवायचं काम, आणि माणूसच गेला! बिनकामाचा नोकर जातो तरी कुठे? जुन्या दुकानातच येऊन बसत असेल.

तिने बिस्मिल्ला म्हटलं आणि कामाला लागली.

यंत्र कसं चालवायचं ते जावयाने दाखवून ठेवलं होतं. नवा कापूस गादीला थोडा कमी पडणार, हे तिला पिंजतानाच कळलं. खोळ मोठी होती. तिने कापूस पसरला, पुन्हा पसरला, चारी कोपऱ्यांकडे ढकलून पाहिला. दुपार होती, रस्त्यावर माणसं होती, पलीकडे घड्याळजी कसलं तरी गाणं पुटपुटत होता. आणि तिच्या मागून, कोपऱ्यातून, आवाज आला. मोठा नाही. शेजारी बसून बोलल्यासारखा.

"अगं, जुना घाल की थोडा. मध्ये जुना, वरून नवा. खोळ शिवली की कोण बघतंय?"

तिच्या हातातून कापूस गळून पडला.

तो आवाज त्याचाच होता. खोकला जडण्याआधीचा, तोंड धुऊन पुसत बोलायचा तेव्हाचा. 'अगं' म्हणताना ग जरा लांबवायची सवयसुद्धा तीच. तिला मागे वळून बघायचं नव्हतं आणि वळल्याशिवाय राहवतही नव्हतं. ती वळली. कोपऱ्यात ढीग होता. ढिगात खड्डा होता. खड्ड्याच्या वर हवा उन्हाळ्यातल्या पत्र्यावर थरथरते तशी थरथरत होती, आणि कापसाचे चार तंतू तिथे तरंगत होते, खाली यायला तयार नव्हते.

"एक मूठ फक्त," आवाज म्हणाला. "सगळेच घालतात."

आणि मग पिंजारणीच्या तोंडून, तिने न ठरवता, न जुळवता, मोठ्याने शब्द निघाले. "नको रे!"

फळीवर टकटक झाली. "काय नको, भाभी? मी काही दिलंच नाही अजून!" घड्याळजीचा आवाज. तो थट्टेखोर माणूस होता. डोळ्याला भिंग लावून अर्धं जग पाहायचा आणि उरलेल्या अर्ध्याची टिंगल करायचा.

तो उठून दारात आला, भिंग कपाळावर सरकवलेलं. तिचा चेहरा पाहून त्याची थट्टा विरली. "पाणी आणू का? मी सहज म्हणालो हो. एकदम त्यांचीच आठवण झाली."

"त्यांची कशी?"

"ते पण असेच की. रोजचंच. मध्येच ओरडायचे, 'नको रे!' सुरुवातीला मला वाटायचं, मलाच म्हणतायत. मी म्हणायचो, काय नको उस्ताद? तर म्हणायचे, तुला नाही बाबा, तू तुझे काटे फिरव. मग कुणाला म्हणता? तर म्हणायचे, आहे एक. जुना कापूस घाल म्हणतो." तो हसला, मग जरा ओशाळला. "कधी 'नको रे बाबा', कधी 'नको रे, जा', पण 'नको रे' तर ठरलेलंच. कापूस कमी पडला की जास्त. मला तर त्यावरून घड्याळ लावता आलं असतं. तुम्हाला घरी कधी म्हणाले नाहीत?"

"नाही," ती म्हणाली. "घरी कशाला म्हणतील? घरी कापूस कुठे होता?"

ती गठ्ठ्यावर बसली आणि रडायला लागली. घड्याळजी घाबरून गेला. "माझं काही चुकलं का, भाभी?" तिने हातानेच नाही म्हटलं. तो पाणी आणायला पळाला. तेवढ्या वेळात तिला सगळं दिसलं. तिरपं ऊन, तिचा बोळा, आणि तिच्याकडे नाही, पायथ्याकडे लागलेले ते डोळे. जो जन्मभर इथे ढिगावर बसून एक मूठ, फक्त एक मूठ म्हणत होता, तोच शेवटी वाडगा घेऊन तिथे उभा राहिला असणार. आणि याने त्याला तेच उत्तर दिलं, जे रोज देत होता. नवं काही सुचायची गरजच नव्हती. तोंडात बसलेलं होतं ते.

घड्याळजी पाणी ठेवून गेला. दुकानात ती एकटी राहिली. खरं तर आता हलकं वाटायला हवं होतं.

"बरोबर ओळखलंस," कोपऱ्यातून आवाज आला. "मीच होतो."

तिने ओढणी डोक्यावर घेतली. कुराणातल्या पाठ असलेल्या आयती होत्या, इमामसाहेबांनीही त्याच सांगितल्या होत्या. त्या म्हटल्या की हे पळतात. तिने म्हणायला सुरुवात केली.

"थांब की," आवाज म्हणाला. "कापूस नको घालू, राहिलं. मी काही मागत नाही. नुसता बसतो. तू खोळ शिव, मी बोलतो. तुला काय ऐकायचंय? तोंड धुऊ दे, मग बघ. आठवतं?"

पिंजारीण थांबली.

आयत अर्धी राहिली, आणि ती थांबली. कारण जगात तो आवाज आता दुसरीकडे कुठेच नव्हता. ना घरी, ना कबरीपाशी, ना मुलीच्या बोलण्यात. इथेच होता, या पिवळट ढिगावर, आणि तिने तोंड बंद ठेवलं तर रोज असणार होता. सकाळी कुलूप काढायचं, संध्याकाळपर्यंत ऐकायचं. कुणाचं काय जात होतं? कोण बघत होतं?

'कोण बघतंय' हे मनात आलं, आणि तिला कळलं की हे तिचं मन बोलत नाही. तिलाही वाडगा पुढे केलेला होता. पाणी गार होतं, आणि तिला फार तहान लागली होती.

"नको रे," ती म्हणाली. या वेळी ओरडली नाही. रडत, जवळजवळ विनवत म्हणाली. आणि आयत पहिल्यापासून धरून शेवटापर्यंत नेली. रस्त्यावरून गाडी गेली नव्हती, तरी भिंतीवरची तात एकदा घुमली, बराच वेळ, आणि थांबली. तरंगणारे तंतू खाली आले.

त्यानंतर त्या दुकानात तिला तो आवाज कधीच ऐकू आला नाही. ती गादी तिने दोन दिवस थांबून, नवा कापूस आणवून भरली. मुलीकडे राहायला ती गेलीच नाही. "अजून एक खोळ आलीय," म्हणायची, आणि मग आणखी एक. नणंद एकदा दुकानावरून गेली तेव्हा तिने हाक मारून आत बोलावलं आणि घड्याळजीला फळीपलीकडून तोच किस्सा पुन्हा सांगायला लावला. नणंदेने ऐकलं, पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "मी तरी कुठे 'गं' म्हणाले? मला नुसतं 'नको' ऐकू आलं होतं. 'गं' आपलं मी बोलता बोलता लावलं." पिंजारणीने गठ्ठ्यावर तिच्यासाठी जागा केली. मग म्हणाली, "बसा, वन्सं. चहा मागवते."

जुन्या ढिगाचं काय करायचं, हा प्रश्न होता. टाकायला मन होईना. शेवटी तिने तो सगळा यंत्रातून काढला, धनुकलीवर घेतला, आणि त्याची एक जाड बैठक शिवली. घड्याळजीला द्यायला. देताना सांगितलं, "आत जुना कापूस आहे. सांगून देतेय, नंतर म्हणू नका."

घड्याळजी खुशीत ती आपल्या स्टुलावर टाकून बसला, जरा हलला, पुन्हा बसला. "मऊ आहे हो. पण भाभी," तो फळीपलीकडून म्हणाला, "मध्ये खड्डा आहे. आधीच कोणीतरी बसून गेल्यासारखा."

पिंजारणीचं दाभण हातातच राहिलं. "आणा इकडे," ती म्हणाली. "परत पिंजून देते."

तिने परत पिंजून दिली. त्याच्यानंतरही एकदा दिली. मग तिने ती मागूनच घेतली, त्याला नव्या कापसाची दुसरी दिली, आणि ही आपल्या दुकानाच्या कोपऱ्यात ठेवली. आजही ती तिथेच आहे. मधोमध खड्डा असलेली, स्वच्छ खोळीतली. गिऱ्हाइकं आत येतात, दमलेली असतात, कोपऱ्यात मऊ काहीतरी दिसतं म्हणून तिकडे वळतात.

"तिथे नको," पिंजारीण टाका घालता घालता म्हणते. भुवया पांढऱ्या झालेल्या, ओढणीवर तंतू. "इकडे बसा, माझ्याजवळ."